खरातसाहेबांचं झांबियाचं लायसन

खरातसाहेबांना काही सांगायचं असेल तर हाताशी वेळ ठेवून सांगावं लागतं. कारण तुम्ही सांगितलेलं ते तुम्हालाच परत म्हणून दाखवतात. सुमनवहिनी स्वयंपाकघरातून म्हणतात, येताना कोथिंबीर आणा आणि गिरणीतून दळण घेऊन या. साहेब दारात उभे राहून म्हणतात, "कोथिंबीर. दळण." आणि तिथंच थांबतात. आतून वहिनींचं "बराबर" आलं की मगच त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडतो. एकदा वहिनी बोलता बोलता मागच्या दारानं शेजारी गेल्या, तर साहेब पिशवी हातात धरून किती तरी वेळ दारातच उभे. मी फाटकातून विचारलं, काय झालं, कुणाची वाट बघताय? तर म्हणाले, "बराबर आलं न्हाई अजून."

ही सवय विमानाची आहे. वैमानिकाला खालून जे सांगतात ते त्यानं जसंच्या तसं परत म्हणायचं असतं, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथंच पकडली जाते. हे मला कळायला बरेच दिवस लागले. सुरुवातीला मला वाटायचं, हा माणूस माझी टर उडवतोय. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो, आणि माझी वाक्यं मलाच परत म्हणून दाखवायचं काम वर्गातली मुलं आधीच मन लावून करत असतात.

आमची कॉलनी नवीन जालन्यात, स्टेशनपासून जवळ. बँकवाले, मास्तर, बियाणं कंपन्यांचे लोक, सगळे आहेत. पायलट मात्र एकच. साहेब मूळचे केदारखेड्याचे. शेतकी शिकले, एका बियाणं कंपनीत लागले आणि कंपनीनं त्यांना कपाशीच्या बियाण्यासाठी थेट झांबियाला पाठवलं. तिथं मोठमोठाली शेतं, एका शेतावरून दुसऱ्यावर जायला लोक लहान विमानं वापरतात. तिथल्या एका क्लबात साहेब विमान शिकले आणि खासगी लायसन काढून बसले. खासगी म्हणजे हौसेपुरतं, त्यावर कुणाकडून पगार घ्यायचा नाही. नोकरी संपवून ते जालन्याला परत आले, पण लायसन मात्र तिकडचंच राहिलं. इथं त्याच्यावर पतंगसुद्धा उडवता येत नाही, असं कॉलनीतले लोक म्हणतात.

केदारखेड्याच्या त्यांच्या चुलतीला झांबिया हे नाव कधी पटलंच नाही. ती जांब समजायची. घनसावंगी तालुक्यातलं जांब. "आमचा पल्हाद जांबाला गेल्ता," असं ती आल्यागेल्याला सांगायची, आणि मग हळूच विचारायची, "पर जांबाला जायला इमान कशाला लागतं? घनसावंगीहून जीप जाती की."

प्रश्न बिनतोड होता. पण खरं कोडं पुढंच होतं. हे लायसन एकदा काढलं की संपलं असं नसतं. ते चालू ठेवावं लागतं. दर दोन वर्षांनी साहेब स्वतःच्या खर्चानं झांबियाला जायचे. त्याआधी ठरावीक डॉक्टरकडून तब्येतीचा दाखला घ्यायचे. तिथं गेल्यावर क्लबातल्या शिक्षकाला शेजारी बसवून विमान उडवून आणि उतरवून दाखवायचे, आणि शिक्का घेऊन परत यायचे. म्हणजे विमानात बसून जायचं, विमान उडवून दाखवायचं आणि विमानात बसून यायचं. मी एकदा विचारलं, हे सगळं कशासाठी? तर म्हणाले, "चालू असलेलं बरं असतं, सर."

आता तुम्हाला वाटेल, माणूस मोठा धाडसी असणार. इथंच सगळे फसतात. इतका भित्रा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही, आणि हे मी सांगतोय, ज्याला पाल दिसली तर बायकोला हाक मारावी लागते. साहेब लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. बाहेरचं पाणी पीत नाहीत. गच्चीच्या कठड्याजवळ गेले की त्यांना गरगरतं, म्हणून कडेच्या दोरीवर कपडे वहिनीच वाळत घालतात. स्कूटर काढायच्या आधी ते तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारतात, टायर दाबून बघतात, आरसे हलवून बघतात, खाली वाकून तेल गळतंय का बघतात. मागं बसणाऱ्याला रस्त्याची डावी बाजू वाटून देतात. ती त्यानं सांभाळायची.

आणि वर त्यांचं ते एक वाक्य, "बंद पडलं समजा." झांबियातला शिक्षक परीक्षेच्या वेळी आकाशात मध्येच इंजिनाची ताकद काढून घेतो आणि विचारतो, इंजन बंद पडलं समजा, आता कुठं उतरवशील? हा प्रश्न साहेबांच्या हाडात जाऊन बसलाय. लग्नाच्या मांडवात शिरले की आधी बाहेर पडायची वाट बघतात आणि मला कानात सांगतात, "सर, पेटलं समजा." पंगतीला बसल्यावर असलं ऐकलं की घास घशाखाली उतरत नाही.

एकदा माझ्या पुतणीच्या लग्नाला आम्ही घनसावंगीला चाललो होतो. जीप गच्च भरलेली, साहेब खिडकीशी. अंबड मागं पडल्यावर ते बाहेर बघत तोंडातल्या तोंडात सुरू झाले. "ऊस. न्हाई. कपाशी. न्हाई. ऊस." मी विचारलं, काय चाललंय? म्हणाले, इंजन बंद पडलं समजा, कुठं उतरता येईल ते बघून राह्यलो. उसात न्हाई जमत, उलटून पडतं. इतक्यात हरभरा काढलेलं एक मोकळं रान आलं आणि साहेब समाधानानं मोठ्यांदा म्हणाले, "हां. इथं उतरता येईल." ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. मागची पोरंबाळं पुढच्यांच्या अंगावर आली. एक म्हातारी वैतागून म्हणाली, "उतरा की मंग जल्दी, किती टाइम लावता?" साहेबांनी तिला इंजिनाचं समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी त्यांचा हात धरून ठेवला.

हसू तर आलं. पण त्या दिवसापासून मीही खिडकीतून रानं बघायला लागलो. भीतीचं असंच आहे, शेजारी राहूनसुद्धा लागते.

संध्याकाळी गच्चीवर त्यांचा सराव असायचा. प्लास्टिकची खुर्ची मधोमध, कठड्यापासून लांब. हातात फरशी पुसायच्या वायपरचा दांडा. विमानतळावरून सूचना देणारा टॉवर म्हणून मला टाकीजवळ उभं करायचे. मी सांगायचं, वारा डावीकडून आहे, धावपट्टी मोकळी आहे, उतरा. ते परत म्हणायचे, "वारा डावीकडून. धावपट्टी मोकळी. उतरतो." मी म्हणायचं, बराबर. मग ते डोळे बारीक करून दांडा हळूहळू मागं ओढायचे. पहिल्यांदा मी हसलो होतो. नंतर एकदा जवळून बघितलं, तर त्यांच्या कपाळावर घाम होता. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला घाम येत होता, तोही थंडीत. त्यानंतर मी टॉवरचं काम गंभीरपणे करू लागलो.

गेल्या वर्षी या सरावाला जोर चढला. त्यांची मुलगी सुजाता झांबियातच असते. तिथंच शिकली, तिथल्याच एका इंजिनिअर मुलाशी लग्न केलं आणि दोघं एका मोठ्या शेतावर नोकरीला आहेत. शहरातल्या दवाखान्यापासून ते शेत फार लांब. सुजाताला दिवस गेले होते आणि बाळंतपण नेमकं तिथल्या भर पावसाळ्यात येणार होतं. साहेबांच्या लायसनची मुदत त्याच सुमाराला संपत होती. त्यांनी बेत आखला. आधी इथं डॉक्टरचा दाखला घ्यायचा, मग दोघांनी तिकडं जायचं, परीक्षा देऊन लायसन चालू करून घ्यायचं आणि क्लबाचं विमान शेताच्या धावपट्टीवर तयार ठेवायचं. "रस्ता बंद पडला समजा," ते म्हणाले, "मी घेऊन जाईन तिला."

मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. स्कूटरवरची ती सकाळ अजून यायची होती.

आम्ही बाजारात निघालो होतो. स्कूटरला चक्कर मारून झाली, डावी बाजू माझ्याकडे आली. स्टेशनच्या मोठ्या रस्त्याला लागायच्या वळणावर साहेब थांबले आणि त्यांनी मान न वळवता विचारलं, डावीकडं कसं हाय? डावीकडून सरकीच्या पोत्यांनी भरलेला ट्रक जोरात येत होता. मी म्हणालो, थांबा.

साहेब म्हणाले, "लांबाय." आणि बराबर यायच्या आधीच त्यांनी स्कूटर पुढं घातली.

आमच्या भागात लांब आहे असं कुणी म्हणत नाही, लांब हाय म्हणतात, आणि घाईत ते लांबाय होतं. पण हे सगळं व्याकरण मला नंतर सुचलं. तेव्हा माझ्या तोंडातून बराबर निघालं नाही की चूक निघालं नाही, काहीच निघालं नाही. ट्रकचा पुढचा भाग माझ्या गुडघ्याशेजारी एवढा मोठा झाला की बाकी सगळं दिसायचं बंद झालं. ब्रेकचा आवाज आला, जळक्या रबराचा वास आला आणि आम्ही दोघं रस्त्यापलीकडच्या मुरमात आडवे पडलो होतो. ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून आमच्या घराण्याचा उद्धार करत होता. त्या शिव्या ऐकून मला बरं वाटलं, कारण त्या ऐकू येत होत्या म्हणजे मी जिवंत होतो.

साहेबांनी उठून आधी माझे हातपाय चाचपून बघितले. मग विचारलं, "सर, तुम्ही लांबाय म्हणलात ना?"

"थांबा म्हणलो, साहेब."

त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं. "थांबा," ते म्हणाले. मी सवयीनं बराबर म्हणालो आणि लगेच म्हणायला नको होतं असं वाटलं. ते घरापर्यंत स्कूटर ढकलत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब गिरणीत गेल्यावर सुमनवहिनी कुंपणाशी आल्या. माझ्या खरचटलेल्या कोपराकडं बघत राहिल्या. मी म्हणालो, विशेष काही नाही. त्या म्हणाल्या, मला ठावं हाय, सर. त्यांना निम्मं ऐकू येत न्हाई. केव्हापासून ते त्यांनाही सांगता आलं नाही; मागच्या दाखल्याच्या वेळी कसंबसं निभावलं होतं. साहेब जे ऐकतात ते परत म्हणतात, चुकलं असेल तर वहिनी पुन्हा सांगतात, नीट आलं असेल तर बराबर म्हणतात. अशी त्यांनी एवढी वर्षं गाडी रेटली होती. कॉलनीला वाटायचं, पायलटचा तोरा आहे. साहेबांनाही बहुतेक तसंच वाटत होतं.

"टॉवर मी हाय, सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही गच्चीवरचे."

मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारायला मला इतकी वर्षं धीर झाला नव्हता. एवढी भीती वाटते तर ते उडवतात कशाला?

वहिनींनी सांगितलं ते असं. सुजाता लहान होती, पहिली-दुसरीतली. तेव्हा हे तिघं झांबियात एका शेतावर राहत होते. तिला ताप आला आणि डोक्यात गेला, पोरगी आईला ओळखेना. बाहेर पाऊस, रस्ता वाहून गेलेला, फोन बंद. शेजारच्या शेतवाल्याकडं लहान विमान होतं. तो म्हणाला, पोरीला नेतो, पण गवतावरून ओझं घेऊन उठणार नाही, एकच मोठं माणूस येईल. वहिनी सुजाताला मांडीवर घेऊन बसल्या. साहेब खाली राहिले.

"मी वरून पाह्यलं तर हे टॉवेल हलवून राह्यले होते," वहिनी म्हणाल्या. "मंग ढग आले, काहीच दिसंना. पोरगी वाचली. पर ह्यांना ते कळलं दुसऱ्या दिवशी. तोवर हे तिथंच, पावसात उभे. मजूर लोकांनी घरला चला म्हणलं तरी हलले न्हाईत." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "वर जायचं तर त्यांना भ्याव वाटतंच. शिकताना उलट्या करायचे. पर खाली राह्यचं भ्याव त्याच्याहून मोठं हाय, सर."

इतकी वर्षं आम्ही या माणसाच्या लायसनवर विनोद करत होतो आणि तो बिचारा इथून, जालन्यातून, मुलीसाठी तयार राहत होता. इथून तिथं पोचायला किती वेळ लागतो हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण लायसन चालू असेपर्यंत आपण खाली उभे नाही, एवढंच त्याला हवं होतं.

वहिनींना डॉक्टरकडं जायचा धीर नव्हता. साहेब पास झाले तर त्या कानांनी ते पोटुशा लेकीला घेऊन आभाळात जाणार. नापास झाले तर पुन्हा पावसात खाली उभे राहणार. काय मागावं तेच मला कळत न्हाई, त्या म्हणाल्या, तुम्ही जा त्यांच्यासंगं.

झांबियाला चालणारा डॉक्टर मुंबईत होता. आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. साहेबांनी नवा सदरा घातला होता. चहावाला म्हणाला, गरम चाय. साहेब म्हणाले, "गरम चाय." तो त्यांच्याकडं बघतच राहिला. मी घाईनं बराबर म्हणालो.

डॉक्टर वयस्क, शांत, मराठीच होते. डोळे तपासले, उत्तम. रक्तदाब या वयाला ठीक. मग म्हणाले, आता कान. साहेबांना खोलीच्या एका टोकाला उभं केलं, भिंतीकडं तोंड करून, आणि स्वतः दूर मागं जाऊन उभे राहिले. मी नेहमीच्या आवाजात शब्द बोलेन, तुम्ही ते परत म्हणायचे, एवढंच.

परत म्हणायचं. आयुष्यभर या माणसानं दुसरं केलंय काय, हा तर डोळे मिटून पास होणार. आणि माझी खुर्ची नेमकी त्याच भिंतीला टेकून होती. म्हणजे साहेबांचं तोंड माझ्याकडं होतं.

डॉक्टर म्हणाले, पाऊस. साहेब म्हणाले, "पाऊस." डॉक्टर म्हणाले, बाजार. साहेब म्हणाले, "बाजार." डॉक्टर म्हणाले, साखर.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांची नजर माझ्या ओठांवर आहे हे मला कळलं. मी नुसते ओठ हलवले असते तर काम झालं असतं. मला सुजाता दिसली, मांडीवरची आणि आत्ताची, दोन्ही. मला सरकीचा ट्रक दिसला. हलवावेत की न हलवावेत, भीतीनं मला काहीच ठरवता येईना.

ते साहेबांनीच ठरवलं. त्यांनी माझ्यासमोर डोळे मिटून घेतले.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. साहेब म्हणाले, पुन्हा सांगा. डॉक्टर भला माणूस. तो आवाज न करता एक पाऊल पुढं आला, मग आणखी एक, आणि मग म्हणाला. साहेबांनी डोळे न उघडता मान हलवली.

"तुम्ही जवळ येऊन राह्यले, डॉक्टरसाहेब. फरशी हलली. तिकडं वर रेडिओ असा जवळ येत न्हाई."

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं. सगळं संपलं असं नाही, म्हणाले. कानाच्या मोठ्या तपासण्या करा, यंत्र लावा, त्याची सवय होऊ द्या, मग बघू. पण त्याला महिने लागणार होते आणि बाळ तेवढं थांबणार नव्हतं. साहेबांनी सगळं परत म्हणून दाखवलं. तपासण्या. यंत्र. महिने. डॉक्टरांना बराबर म्हणायचं असतं हे माहीत नव्हतं, म्हणून ते मी म्हणालो.

परतीच्या गाडीत नाशिक गेलं, मनमाड गेलं, साहेब खिडकीकडं तोंड करून बसले होते. मला वाटलं, या माणसाला आता काहीतरी होणार. मी त्यांच्या छातीकडं बघत होतो, वरखाली होतेय ना म्हणून. लासूरच्या पुढं त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. हरभरा पेरायला मोकळं ठेवलेलं रान होतं.

"सर," ते म्हणाले, "बंद पडलं समजा. आता कुठं उतरायचं?"

मी म्हणालो, मला नाही सुचत. तेही विचार करत बसले. आणि जालना यायच्या आधी त्यांनी सुजाताला फोन लावला. मोठ्या आवाजात, डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की पावसाची वाट बघू नको, एक महिना आधीच शहरात जाऊन दवाखान्याजवळ खोली घे आणि तिथंच राहा. हा उपाय इतका साधा होता की आमच्यापैकी कुणालाच कसा सुचला नाही याचं मला आश्चर्य वाटलं. मग फोन माझ्याकडं आला. सुजाता म्हणाली, काका, हेच मी बाबांना किती महिने सांगत होते, ते दरवेळी काहीतरी भलतंच परत म्हणायचे.

सुमनवहिनी बाळंतपणाला गेल्या. साहेब गेले नाहीत. आम्ही सगळ्यांनी समजावलं, वहिनी भांडल्या, रडल्या. ते एकच म्हणत राहिले, तिथं जाऊन मी आभाळाकडं बघत उभा राहीन, तुम्हा दोघींना माझाच ताप होईल. निघताना वहिनी त्यांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, येते. आपल्याकडं जाते म्हणत नाहीत, पण साहेबांना इतकं नीट ऐकू गेलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "येते," ते म्हणाले, आणि पिशवी हातात धरून उभे राहिले. वहिनींनी बराबर म्हटल्यावरच त्यांनी पिशवी गाडीत ठेवली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. साहेब आमच्याकडं जेवायचे, पण घास हातात धरून बसायचे. कानाचं यंत्र घेतलं होतं, ते खिशात असायचं. कॉलनीत कुठंही कुकरची शिट्टी झाली की मी दचकायचो आणि मला दचकलेलं बघून ते. तिकडं पाऊस लागला होता, सुजाता शहरात पोचली होती, सगळं ठीक होतं. तरी मला रोज सकाळी आधी भीतीच वाटायची. संध्याकाळी ते गच्चीवर जाऊन त्या खुर्चीत बसायचे, दांडा न घेता. मी टाकीजवळ उभा राहायचो. सांगायला काही नसायचं.

फोन आला तेव्हा आम्ही तिथंच होतो. ऊन कलत होतं. साहेबांनी धडपडत यंत्र कानात घातलं आणि उभे राहिले. फोनचा आवाज त्यांनी मोठा ठेवलेला असतो, त्यामुळं वहिनींचं बोलणं मलाही स्वच्छ ऐकू आलं. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

साहेब म्हणाले, "पुन्हा सांग."

वहिनींनी पुन्हा सांगितलं. साहेब म्हणाले, पुन्हा सांग. या घटकेलाही यांना ऐकू येऊ नये. मी पुढं झालो आणि त्यांच्या दुसऱ्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगणार, तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ऐकू आलंय, सर. पहिल्याच टायमाला," ते म्हणाले. "पर सांगू द्या तिला."

वहिनींनी तिसऱ्यांदा सांगितलं. मग साहेब ताठ उभे राहिले, गच्चीच्या मधोमध, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत."

फोनमध्ये काहीच आवाज नव्हता. बहुतेक वहिनी रडत असाव्यात. साहेब फोन कानाशी धरून उभेच राहिले, दारात पिशवी घेऊन उभे राहायचे तसे. मला बराबर म्हणावंसं वाटलं, पण ते माझं काम नव्हतं. मी टाकीला टेकून उभा राहिलो.

मग तिकडून बराबर आलं, आणि साहेब खाली बसले.